श्वासाचा रकाना

आमच्या वॉर्डातली मुकादम पदवीधर झाली त्याची गोष्ट सांगण्याआधी एक कबुली देऊन टाकते. तिच्या शिक्षणाच्या दोन वर्षांतले शेवटचे पाच-सहा महिने मी तिच्याशी बोलत नव्हते. तेव्हा पुढे कौतुक जरा जास्त वाटले, तर ते मैत्रिणीचे आंधळे कौतुक समजू नये. माझे नाक ठेचून झालेले कौतुक आहे ते.

मुकादम हे तिचे नाव नव्हे. आम्ही दोघी एकाच वर्षी नर्सिंगच्या पदविकेला लागलो. एकच वसतिगृह, एकच खोली. पहिल्याच आठवड्यात तिने सोळा मुलींच्या अंघोळीचे वेळापत्रक कागदावर लिहून न्हाणीघराच्या दाराला चिकटवले. ज्या मुलीने ते फाडले, तिचा नंबर दुसऱ्या दिवशीच्या नव्या कागदावर सोळावा होता. त्या दिवसापासून ती मुकादम. पुढे लग्न झाले, लेक झाली, कानशिलावर केस पिकले, नाव तेच राहिले. डॉक्टरही तिला मुकादमच म्हणतात, फक्त समोर म्हणायची छाती होत नाही.

तीन वर्षांची पदविका, मग परिचारिका म्हणून नोंदणी, मग हे रुग्णालय. दुसऱ्या मजल्यावरच्या सर्जिकल वॉर्डात आम्ही तेवीस वर्षे काढली. अठ्ठावीस खाटा, चौदा बायकांच्या, चौदा पुरुषांच्या, मधे आमचे टेबल आणि औषधांचे कपाट. मुकादमच्या हाताला गुण आहे हे माझ्यासारखी खट बाईसुद्धा मान्य करते. शीर सापडत नाही म्हणून तिघींनी हात टेकले की तिला बोलावतात. ती रुग्णाच्या मनगटावरून दोन बोटे फिरवते, त्याला नातवंडे किती असे विचारते, आणि तो मोजून सांगेपर्यंत सुई आत गेलेली असते. पट्टी सोडायच्या आधी नुसत्या वासावरून जखम चिघळली आहे की नाही ते सांगते. नवे डॉक्टर आधी हसतात, मग पट्टी सोडतात, मग हसत नाहीत.

तर अशा बाईला एके दिवशी मेट्रननी खोलीत बोलावले. आमच्या इन्चार्ज सिस्टर दोन वर्षांनी निवृत्त होणार होत्या, आणि नवा नियम असा आला होता की वॉर्डाच्या इन्चार्जकडे पदवी हवी. मेट्रन मोजकेच बोलतात. म्हणाल्या, “सिस्टर, सेवेने ती खुर्ची तुमची आहे. कागदाने नाही.” कागदाने नंबर लागत होता तो हाडांच्या वॉर्डातल्या एका मुलीचा. तिला नोकरीत चार वर्षे झाली होती, पदवी होती, आणि सलाइनची बाटली टांगायला तिला मुकादमनेच शिकवले होते.

मुकादमने हे मला कपडे बदलायच्या खोलीत सांगितले. मी म्हटले, खुर्चीत आहे काय? सह्या करायच्या आणि शिव्या खायच्या. शिवाय या वयात शिंगे मोडून वासरांत कशाला शिरायचे? ती बुटाचा बंद बांधत होती. मान वर न करता म्हणाली, “शिंगं मोडत नाही. शिंगांसकट जाते.”

नोंदणी झालेल्या परिचारिकेला पदवीसाठी श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागत नाही, हे तेव्हा मलाही नीट माहीत नव्हते. शाळा संपवून थेट येणाऱ्या मुलींना चार वर्षे लागतात. आमच्यासारख्यांची पदविका आणि अनुभव जमेला धरतात आणि वर दोन वर्षे शिकवतात. त्यासाठी नोंदणीचे प्रमाणपत्र चालू हवे, पदविकेच्या मूळ गुणपत्रिका हव्यात, रुग्णालयाचे ना-हरकत पत्र हवे आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुकादमच्या गुणपत्रिकाच सापडेनात. चार दिवस घर उलटेपालटे झाले. शेवटी त्या तिच्या सासूबाईंच्या ट्रंकेत, तळाशी, एका जुन्या शालीत गुंडाळलेल्या मिळाल्या. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, लग्न ठरवताना बघायला मागितल्या होत्या, परत द्यायच्या राहून गेल्या. एकोणीस वर्षे राहून गेल्या होत्या.

कॉलेज रुग्णालयाच्याच आवारात, मागच्या बाजूला. सात ते दोन ड्यूटी, तीन ते सहा वर्ग. मधल्या तासात ती कँटीनच्या कोपऱ्यात उभ्याने डबा खायची. बसले तर झोप लागेल म्हणे. वर्गात अठरा बायका आणि एक पुरुष, आणि तिच्या खालोखाल वय असलेली बाई चौतीस वर्षांची. ही चव्वेचाळीसची. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी तिला पालक समजून बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले, हे तिने मला स्वतः हसत सांगितले.

शरीररचना, औषधे, शुश्रूषा हे पदविकेत झालेले असते. पदवीला नवीन असते ते वॉर्ड कसा चालवायचा, दुसऱ्याला कसे शिकवायचे, वस्तीत जाऊन आजार कसे शोधायचे, आणि संशोधन. संशोधनाच्या पोटात संख्याशास्त्र. पहिल्या चाचणीत मुकादमला त्यात पन्नासपैकी अकरा मिळाले. तेवीस वर्षांत या बाईला कोणी नापास केले नव्हते. तिने तो पेपर घरी स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या फळीला पिनेने लावला. भाजी परतताना दिसला पाहिजे, म्हणाली.

तिचे घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत नवऱ्याचे शिवणकाम. तो शिंपी आहे, कोट शिवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्या खोलीत एक लांबलचक टेबल आहे, कापड बेतायचे. सहानंतर त्याने कात्री, खडू आणि गजपट्टी एका टोकाला सरकवायची आणि दुसऱ्या टोकाला मायलेकींनी वह्या मांडायच्या, असा करार झाला. लेक कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तिने आईला सरासरी शिकवली, मध्यक शिकवला, आणि आईने तिसऱ्यांदा तीच चूक केली की पेन्सिल आपटायची. मुकादम ऐकून घ्यायची. वॉर्डात कोणी तिच्यासमोर पेन्सिल आपटली असती तर ती पेन्सिल त्याला परत मिळाली नसती. दुसऱ्या चाचणीत पन्नासपैकी सव्वीस आले, तिसरीत अडतीस. फळीवरचा पेपर काही तिने काढला नाही.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकीला एक संशोधन प्रकल्प करावा लागतो. आपल्या कामातला एक प्रश्न घ्यायचा, माहिती गोळा करायची, निष्कर्ष काढायचा, छापून बांधून द्यायचा आणि शेवटी सगळ्यांसमोर मांडायचा. तो नापास झाला तर पदवी अडकते, पुन्हा सहा महिने. मुकादमला सहा महिने परवडणारे नव्हते, कारण इन्चार्ज सिस्टरच्या निवृत्तीची तारीख हलणार नव्हती. म्हणून तिने सोपा विषय घेतला. शस्त्रक्रियेनंतर ताप आलेल्या रुग्णांना ओल्या फडक्याने पुसले तर ताप किती उतरतो. मेट्रननी जुने कागद पाहायची परवानगी दिली, एका अटीवर: कोणाचेही नाव बाहेर येता कामा नये. मुकादमने तसे लिहून दिले. महिनाभर रेकॉर्ड रूममध्ये बसून तिने तक्त्यांवरचे आकडे वहीत उतरवले. खाट, तारीख, ताप, नाडी, श्वास, रक्तदाब.

एका सुटीच्या दिवशी दुपारी मी मदतीला गेले. मी वही वाचायची, लेकीने संगणकात भरायचे. सासूबाई खाली बसून काजे करत होत्या, नवरा दुसऱ्या टोकाला बाही बेतत होता. मी वाचत होते. ताप एकशे एक, नाडी शंभर, श्वास वीस. ताप अठ्ठ्याण्णव, नाडी ऐंशी, श्वास वीस. ताप एकशे दोन, नाडी एकशे दहा, श्वास वीस. अर्ध्या तासाने लेक थांबली. माउस हलवला, काहीतरी पुसले, पुन्हा भरले.

“आई, हा रकाना अडकलाय बहुतेक,” ती म्हणाली. “प्रत्येक ओळीत वीसच दिसतंय.”

मला हसू आले. मी म्हटले, अडकला नाही गं, वीसच आहे. आणि पुढे वाचायला लागले. मुकादम मात्र हसली नाही. तिने वही माझ्या हातातून घेतली आणि बोट ठेवून तो रकाना वरून खाली पाहत गेली, पान उलटून पुन्हा वरून खाली.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवे. ताप काचेच्या नळीवर दिसतो. नाडीला हात धरावाच लागतो. रक्तदाबाला यंत्र आहे. श्वास मोजायचा तर रुग्णाच्या छातीकडे पूर्ण एक मिनिट नुसते पाहत उभे राहावे लागते. अठ्ठावीस खाटा म्हणजे अठ्ठावीस मिनिटे. तेवढ्या वेळात तीन घंट्या वाजतात, दोन सलाइनी संपतात आणि डॉक्टरांचा राउंड दारात येऊन ठेपतो. मग वीस लिहायचे. वीस हा गुणी आकडा आहे, त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. असे लिहा म्हणून आम्हाला कोणी शिकवले नाही, आणि असे कोणी लिहीत नाही असेही मी कधी पाहिले नाही. आणि माणूस आतून बिघडायला लागला की बहुतेक वेळा सगळ्यांत आधी बदलतो तो श्वासच, हे आम्हा प्रत्येकीला पाठ होते. परीक्षेत लिहून गुण मिळवले होते आम्ही त्याचे.

मग नवऱ्याने काय झाले ते विचारले. तिने सांगितले. त्याने खडू कानामागे ठेवला आणि म्हणाला, “आमच्याकडे अंदाजाने कापलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं. तुमचं येतं का परत सांगायला?”

खवचट माणूस नव्हता तो, आणि हा टोमणाही नव्हता. खरोखर विचारत होता. मुकादमने दुसऱ्या दिवशी तापाचा विषय सोडला आणि श्वासाचा घेतला.

तिची मार्गदर्शिका अठ्ठावीस वर्षांची मुलगी होती, हुशार आणि भित्री. ती म्हणाली, वेळ थोडा आहे, वॉर्ड तुमचाच आहे, नीट विचार करा. मुकादम म्हणाली, विचार केला. मग ती पुन्हा रेकॉर्ड रूममध्ये गेली, या वेळी कोणत्या नोंदीखाली कोणाची सही आहे ते पाहायला. ही बातमी वॉर्डात पोचायला एक चहा पुरला.

त्या आठवड्यात आमची जुंपली. सगळ्यांच्या वतीने बोलायचे म्हणून मी पुढे झाले, पण खरे सांगते, मी माझ्यासाठीच बोलत होते. त्या तक्त्यांवर माझ्या सह्या होत्या. मी म्हटले, इन्चार्जच्या खुर्चीसाठी आमचे धुणे चव्हाट्यावर धुणार का? खाटा अठ्ठावीस, एका पाळीला सिस्टर तीन, ते कोणी मोजले? ती म्हणाली, तेही लिहिणार आहे. मी म्हटले, “झाकली मूठ सव्वा लाखाची असते. राहू दे झाकलेली.”

“मुठीत सव्वा लाख नाहीत गं,” ती म्हणाली. “वीस आहेत.”

मी कपाटाचे दार आपटले आणि त्याच दिवशी बदलीचा अर्ज दिला. आठवड्याभरात मला डोळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात पाठवले. आमचे बोलणे संपले.

पुढचे मला इतरांकडून कळत गेले, आणि मी कान देऊन ऐकत गेले. मुकादम रोज ड्यूटी संपल्यावर वॉर्डात थांबायची, छातीवर पिनेने लावलेले घड्याळ हातात घ्यायची आणि एकेका रुग्णाचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजायची. तिचा हात सुईवर बसलेला होता, गप्प उभे राहण्यावर नव्हता. त्यासाठी घरी सराव चालायचा सासूबाईंवर. श्वास मोजतोय हे माणसाला कळले की त्याचा श्वास बदलतो, म्हणून मनगट धरून नाडी बघतोय असे दाखवायचे आणि डोळे छातीवर ठेवायचे, ही आमची जुनी युक्ती. सासूबाईंना ती तिसऱ्या दिवशी कळली. मग त्या मनगट हातात येताच मुद्दाम श्वास रोखून धरायच्या, आणि सून घाबरून वर पाहायला लागली की खुदकन हसायच्या. सून रागावली की म्हणायच्या, रुग्ण असेच असतात, मोज पुन्हा.

शेवटी मांडणीचा दिवस आला. मेट्रननी प्रत्येक विभागातून दोघींना हजर राहायला सांगितले, आणि आमचा विभाग बाराला रिकामा होतो म्हणून माझे नाव लागले. मी अगदी मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसले. पुढच्या रांगेत मेट्रन. त्यांच्या शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मुकादम फिकट निळ्या साडीत उभी होती आणि तिचा आवाज पहिली दोन मिनिटे कापत होता. वॉर्डात हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देताना जिचा आवाज कधी कापला नाही, तिचा.

तिने सांगितले ते असे. गेल्या वर्षीच्या दोनशे नोंदी पाहिल्या. त्यांतल्या एकशे एक्क्याऐंशी ठिकाणी श्वास वीस. मग तिने स्वतः शंभर रुग्णांचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजला. वीस भरला तो फक्त नऊ जणांचा. बाकीचे बारापासून चौतीसपर्यंत पसरलेले. नोंदी करणाऱ्या परिचारिकांना तिने अक्षरे दिली होती, अ, ब, क, ड अशी. खाटा किती, परिचारिका किती, एका फेरीला किती मिनिटे लागतात, याचा तक्ताही होता. खरेच लिहिले होते तिने ते.

परीक्षक बाईंनी पाने चाळली. “सगळ्यात जास्त नोंदी ‘अ’च्या आहेत. शेहेचाळीस. आणि त्यातल्या एकाही नोंदीवर विश्वास ठेवता येत नाही. या परिचारिकेच्या बाबतीत रुग्णालयाने काय करावं असं तुम्हाला वाटतं?”

“‘अ’ मी आहे,” मुकादम म्हणाली.

मेट्रननी मान वर केली. मार्गदर्शिका पाणी प्यायला लागली. मुकादम बोलतच राहिली, आणि आता आवाज कापत नव्हता. अकरा नंबरच्या खाटेवरचा एक रुग्ण तिने सांगितला. पोटाची शस्त्रक्रिया झालेला, मधल्या वयाचा. सकाळी दहाला तिने त्याचा श्वास वीस लिहिला. लिहिताना ती त्याच्याशी बोलत होती, तो तुटक उत्तरे देत होता, आणि ते तुटक का आहे हे तिने पाहिले नाही. दुपारी दोनला त्याला अतिदक्षता विभागात हलवले तेव्हा श्वास छत्तीस होता. बारा दिवस यंत्रावर होता, मग वाचला. “वाचला म्हणून हे कधी कुणी विचारलं नाही,” ती म्हणाली. “मीही नाही विचारलं.”

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, बाकीची अक्षरे कोणाची आहेत तेही सांगा, म्हणजे चित्र पूर्ण होईल. मी आणखी आडोशाला सरकले. खांब पुरेसा जाड नव्हता.

“ते नाही सांगणार,” मुकादम म्हणाली. “मी रुग्णालयाकडे कागद मागितले होते, माणसं नाही. शिवाय तसं मेट्रनबाईंना लिहून दिलंय.”

त्यानंतर पंधरा दिवस कॉरिडॉरमध्ये एकच चर्चा होती, की मुकादमने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. परीक्षक गुण कापणार, मेट्रन खुर्ची देणार नाहीत, आणि हाडांच्या वॉर्डातली मुलगी येणार. मीही मान डोलावली असेन. पण घरी गेल्यावर मला जेवण जाईना. ती शेहेचाळीस नोंदी लपवू शकली असती. ‘अ’ हे अक्षर दुसऱ्या कोणाला देऊ शकली असती, कोणाला कळले असते? मी तिला खुर्चीची हावरी म्हटले होते, आणि भर सभेत खुर्ची समोर बसलेली असताना ती तिच्याकडे पाठ करून उभी राहिली होती.

निकाल लागला. मुकादम पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. महिनाभराने मेट्रनच्या कार्यालयातून तिला एकाच पाकिटात दोन कागद आले. एक होता अकरा नंबरच्या खाटेबद्दल लेखी समज, सेवापुस्तकात लागणारी. दुसरा होता सर्जिकल वॉर्डाची इन्चार्ज म्हणून नेमणुकीचा आदेश. तिने दोन्हींवर पोच म्हणून सही केली आणि समजपत्राची प्रत मागून घेतली, असे कार्यालयातल्या कारकुनाने मला सांगितले. त्याला त्याचे फार नवल वाटत होते.

मी तरी अजून तिच्याकडे गेले नव्हते. आधी रागाने नाही, आता लाजेने नाही. एका दुपारी मात्र मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले आणि तिचा प्रबंध मागितला. काळ्या कापडी बांधणीचा, मजबूत. पाठीवरची शिवण मला ओळखता आली, ती बाइंडरची नव्हती. मला ‘क’ शोधायचा होता. तो मीच असणार याची मला खात्री होती, कारण ‘अ’ ती, म्हणजे अक्षरे सेवेच्या क्रमाने दिलेली, आणि सेवेत मी तिसरी होते. तक्ता सापडला. ‘क’च्या नोंदी अडतीस. वीस, वीस, वीस, वीस. सदतीस वेळा वीस. बोट फिरवताना कान तापले माझे.

अडतिसावी नोंद सत्तावीस होती.

त्या ओळीखाली तळटीप होती. मला ती आता तोंडपाठ आहे. “घाईने मोजणारी परिचारिका अर्धा मिनिट मोजून दुप्पट करते, म्हणून आकडा नेहमी सम येतो. दोनशे नोंदींत विषम आकडा हा एकच आहे. म्हणजे ‘क’ने या रुग्णाचा श्वास पूर्ण एक मिनिट उभे राहून मोजला आणि डॉक्टरांना बोलावले. फुप्फुसातली गुठळी वेळेत सापडली. ही रुग्ण आठव्या दिवशी चालत घरी गेली. यावरून दिसते की आमच्या वॉर्डातल्या परिचारिकांना मोजता येते, आणि मोजले की काय होते.”

मला ती बाई आठवली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली, दुसरा दिवस. बरी आहे म्हणत होती, पण ओठ कोरडे होते आणि उशीचा कोपरा मुठीत धरला होता. का कोण जाणे, मी थांबले होते. नंतर वॉर्डात त्याबद्दल कोणी काही बोलले नाही, मीही विसरून गेले. तेवीस वर्षांत मी केलेल्या कामाबद्दल कोणी एक ओळ लिहिली नव्हती. जिने लिहिली, तिला मी त्या वेळी रुग्णालयभर हलकट म्हणत फिरत होते. ग्रंथालयात मी तोंडावर रुमाल धरून रडले. ग्रंथपाल बाईंनी पंखा लावला.

तशीच उठून दुसऱ्या मजल्यावर गेले. राउंड झालेला होता. इन्चार्जच्या काचेच्या खोलीत मुकादम पुढच्या महिन्याच्या ड्यूट्यांचा तक्ता करत बसली होती. पट्टी, पेन्सिल, खोडरबर. मी दारात उभी राहिले. सगळी वाक्ये जुळवून आणली होती, विचारले एवढेच.

“‘क’ म्हणजे मी ना?”

तिने पट्टी सरकवली, रेघ पुरी केली, मग वर पाहिले. माझे डोळे तिला दिसले असणार, पण तिने तसे दाखवले नाही. आमच्यात एवढी रीत अजून शिल्लक होती.

“‘क’ कोण ते मी कुणाला सांगत नाही,” ती म्हणाली. मग तक्ता माझ्याकडे फिरवला. नऊ ओळींत आठ नावे होती. तिसरी ओळ कोरी होती. “पण तुला कुठे भेटली तर सांग तिला. सहा महिने तिची जागा रिकामी आहे, आणि इन्चार्ज झाल्यावरही मी तिथे दुसरी मागितलेली नाही. नऊ जणींचं काम आम्ही आठ जणी ओढतोय, आणि श्वास मोजायचा म्हणजे वेळ लागतो.”

मी खुर्ची ओढून बसले आणि तिच्याच पेन्सिलीने बदलीचा दुसरा अर्ज लिहिला. तिने तो वाचला, एक चूक दुरुस्त केली, आणि उद्या सकाळी सातला ये म्हणाली.